काउंटरटेनर व्हायला नगरहून लंडनला: दोन वर्षांचा हिशेब

चौदाव्या वर्षी माझा आवाज फुटला आणि तरीही मी चर्चच्या कॉयरमध्ये आल्टोच, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाचा भागच, गात राहिलो. नगरच्या आमच्या मंडळीत शनिवारच्या सरावाला बायका कमी यायच्या. आल्टोच्या बाकावर एक काकू आणि मी, एवढेच. 'उपासना संगीत' या ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातली पाश्चात्त्य चालींची गीतं आम्ही चार आवाजांत म्हणायचो, ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर. पेटीवर बाबा असायचे. बोलताना माझा आवाज जाड, गाताना काकूंच्या सुरात सूर. मला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. वेगळं आहे हे कळलं ते कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, लोक वळून वळून बघायला लागले तेव्हा.

पुण्यात इंजिनिअरिंग करताना दोन वर्षं ख्याल शिकायला जात होतो. गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "हा खोटा आवाज आहे. खरा लाव." त्यांच्या जागी ते बरोबरच होते, ख्यालाला खुल्या आकारातला भरीव सूर लागतो. पण 'खोटा' हा शब्द मनातून गेला नाही. पुढे नोकरी लागली, संध्याकाळी एका कॉयरमध्ये गाणं चालू राहिलं, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा देत देत २०२२ मध्ये एलटीसीएल ही पदविका झाली. तिचा पुढे किती उपयोग होणार आहे ते तेव्हा माहीत नव्हतं.

आज मी लंडनमध्ये एका संगीत महाविद्यालयात गायनाच्या दोन वर्षांच्या मास्टर्सला आहे, आवाजाचा प्रकार काउंटरटेनर, म्हणजे बायकांच्या उंचीच्या सुरात गाणारा पुरुष. इथवर येण्याची माहिती मला मराठीत कुठेच मिळाली नव्हती, इंग्रजीत मिळाली तीही तुकड्यातुकड्यांत. म्हणून तारखा, खर्च, चुका सगळं लिहून ठेवतोय.

सुरुवात मार्च २०२३. त्या महिन्याच्या शेवटी जेम्स बोमन हे इंग्लिश काउंटरटेनर वारले. त्यांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या बातमीत. रात्रभर त्यांची रेकॉर्डिंगं ऐकली. मग त्यांच्याही आधीचे आल्फ्रेड डेलर. कँटरबरी कॅथीड्रलच्या कॉयरमध्ये आल्टो गाणारा हा माणूस १९४० च्या दशकात संगीतकार मायकल टिपेटच्या कानावर पडला आणि सतराव्या शतकातल्या पर्सेल या इंग्लिश संगीतकाराची गाणी पुन्हा पुरुषाच्या उंच आवाजात ऐकू यायला लागली. १९६० मध्ये बेंजामिन ब्रिटनने शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'वर ऑपेरा केला तेव्हा परीराज ऑबेरॉनची भूमिका त्याने डेलरसाठीच लिहिली. एवढं सगळं अस्तित्वात होतं आणि मी त्याच आवाजाला दहा वर्षं खोटा समजत होतो. त्या रात्री मला आनंदापेक्षा रागच जास्त आला.

दुसऱ्या आठवड्यात मी आधी घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. असं करा, हा माझा पहिला सल्ला. पुण्यात स्ट्रोबोस्कोपी झाली, १,८०० रुपये. नाकातून बारीक नळी घातली, समोर पडद्यावर माझ्याच स्वरतंतूंची हालचाल. डॉक्टर म्हणाले, "आता नेहमीच्या आवाजात आ करा. आता तुमच्या त्या वरच्या आवाजात." नेहमीच्या आवाजात तंतू जाडीसकट थरथरत होते. वरच्या आवाजात ते ताणून पातळ झाले आणि फक्त कडा हलायला लागल्या. त्या कडा नीट मिटल्या नाहीत तर हवा गळते, आवाज फुसका येतो. नीट मिटायला शिकल्या तर तोच आवाज मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की कोणताही बिघाड नाही. तो कागद मी आईला दाखवला. तिला वर्षानुवर्षं वाटत होतं की माझ्या घशात काहीतरी राहून गेलंय.

एप्रिलपासून इंग्लंडमधल्या एका शिक्षकांकडे ऑनलाइन शिकायला लागलो. पंधरवड्याला एक तास, ४५ पौंड. पहिले चार महिने गेले ते सांध्यावर. सांधा म्हणजे खालचा छातीचा आवाज आणि वरचा आवाज जिथे जुळतात ती जागा. काउंटरटेनरचं वरचं गाणं लोक ऐकतात, पण परीक्षा खाली होते. आल्टोच्या ओळी मधल्या 'सा'च्या खाली उतरतात, तिथे हा आवाज विरळ होतो, आणि छातीचा आवाज धाडकन लावला तर दोन माणसं गातायत असं वाटतं. रोज वीस मिनिटं, नळीतून पाण्यात फुंकत, वरून खाली घसरत यायचं. शेजारच्या फ्लॅटमधल्या आजी विचारायच्या, "बरं आहे ना रे?" मी म्हणायचो, रियाज चाललाय.

भाषांचं मात्र मराठी माणसाला फार घाबरायचं कारण नाही. इटालियनचे त आणि द दंत्य आहेत, सरळ आपले त-द. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना ते महिनोन्महिने शिकवावे लागतात. इटालियन 'ग्रात्सिए'मधला किंवा जर्मन 'हेर्त्स'मधला त्स म्हणजे आपला 'चांगला', 'चमचा' यांतला च. मी शिक्षकांना 'चमचा' म्हणून दाखवलं, ते खूश. अडतं ते जर्मन 'इश'च्या शेवटच्या मऊ उच्चाराला आणि फ्रेंचच्या ओठ गोल करून म्हणायच्या स्वरांना. त्यासाठी आरसा हवा आणि चिकाटी हवी.

जूनमध्ये घरी बोललो. जेवणं झाल्यावर बाबांना सांगितलं की नोकरी सोडून दोन वर्षांसाठी जायचं म्हणतोय. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिकडे हे गाऊन पोट भरतं का?" मी खरं ते सांगितलं, आणि तुम्हालाही सांगतो. ऑपेरातलं काउंटरटेनरचं काम मुख्यतः दोन टोकांना आहे. एकीकडे माँटेव्हेर्दी, पर्सेल, हँडेल. दुसरीकडे बेंजामिन ब्रिटन आणि त्याच्यानंतरचे संगीतकार. मधल्या व्हेर्दी, वाग्नर, पुच्चिनी यांच्या काळात आपल्यासाठी जवळजवळ काही नाही. हँडेलच्या नायकांच्या भूमिका तेव्हाच्या कास्त्रातो गायकांसाठी लिहिलेल्या, म्हणजे लहानपणीच शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटू दिला नाही असे गायक. 'जूलिओ चेझारे' या त्याच्या ऑपेरातला सीझर १७२४ मध्ये सेनेसिनोने गायला होता. आज त्या भूमिका काउंटरटेनरना मिळतात, तशाच मेझो-सोप्रानो, म्हणजे मधल्या उंचीच्या आवाजाच्या बायकांनाही मिळतात. ऑपेराच्या कोरसमध्ये आल्टो म्हणून बायकाच असतात. इंग्लंडच्या कॅथीड्रलांच्या कॉयरमध्ये पुरुष आल्टोची परंपरा जुनी आहे, पगार असतो, पण थोडा. मग डिसेंबरचे हँडेलच्या 'मसाया'चे कार्यक्रम आणि ईस्टरआधीची बाखची पॅशन्स, म्हणजे येशूच्या दुःखसहनावरच्या संगीतरचना. वर्षाचं गणित या सगळ्याची मोट बांधून बसवायचं असतं.

बाबांनी सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे नारायणरावांसारखं?" बालगंधर्वांची ही तुलना आपल्याकडे प्रत्येकजण करतो. मी सांगितलं की नाही, नारायणराव स्त्रीच्या वेषात आपल्या नैसर्गिक आवाजात गात. माझं उलटं आहे. वेष राजाचा, सेनापतीचा, आणि आवाज उंच. हँडेलच्या काळात वीरपुरुषाचा आवाज असाच असायचा. बाबांना ते पटलं की नाही कळलं नाही, पण सकाळी त्यांनी बँकेची पासबुकं काढून टेबलावर ठेवली होती.

आता अर्ज. ब्रिटनमधली बरीच संगीत महाविद्यालयं 'यूकास कॉन्झर्व्हटॉयर्स' या एकाच यंत्रणेतून अर्ज घेतात, सगळी नाही. काहींचा अर्ज थेट त्यांच्याकडे करावा लागतो, ते आधी बघा. एका अर्जात सहापर्यंत पर्याय देता येतात. सप्टेंबर २०२४ च्या प्रवेशासाठी शेवटची तारीख २ ऑक्टोबर २०२३ होती, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी. आपल्याकडे इंजिनिअरिंगचे लोक परदेशी जायची तयारी डिसेंबर-जानेवारीत करतात. संगीतात तोवर दार बंद झालेलं असतं. मी चार ठिकाणी अर्ज केला. अर्जाचं शुल्क किरकोळ, पण प्रत्येक ठिकाणचं ऑडिशनचं शुल्क वेगळं; सगळं मिळून तीस हजार रुपये गेले. पदवी संगीताची नसल्यामुळे मास्टर्सला घेतील का ही धाकधूक होती. तिथे एलटीसीएल कामी आली, ती ब्रिटनच्या पात्रता-चौकटीत सहाव्या पातळीवर, म्हणजे बॅचलर्सच्या बरोबरीने धरली जाते. शिफारशी दोन लागतात, एक शैक्षणिक, एक गायनाची. शैक्षणिक माझ्या इंजिनिअरिंगच्या सरांनी दिली. त्यांनी मला कधी गाताना ऐकलं नव्हतं. अर्ज पाठवण्याआधी त्यांनी फोनवर गायला लावलं, मग लिहिलं.

सगळ्यात जास्त झोप उडवली ती नावाने. पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. पदवीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव. बारावीच्या कागदावर तिसराच क्रम. ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठाच्या तीन खेपा झाल्या, दोनदा अर्ज 'वर गेलाय' एवढंच कळलं, आणि पाकीट हातात पडलं तेव्हा अकरा आठवडे झाले होते. १०० रुपयांच्या स्टँप पेपरवर 'ही सगळी नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र केलं. ते पुढे तीन ठिकाणी लागलं. तुम्ही मे महिन्यातच करून ठेवा, आणि सगळीकडे पासपोर्टवरचंच स्पेलिंग वापरा.

ऑडिशनसाठी लंडनला जाऊन येणं परवडणारं नव्हतं, चारही ठिकाणी रेकॉर्डिंग चालत होतं. अट अशी की व्हिडिओ सलग, एकही काटछाट नको, गाणी पाठ. मी चार भाषांतली चार घेतली: पर्सेलचं 'म्यूझिक फॉर अ व्हाइल', हँडेलच्या 'रोडेलिंदा'तला बेर्तारीदोचा 'दोवे सेई', शूबर्टचं एक गाणं आणि रेनाल्दो हानचं 'आ क्लोरी'. मुदत नोव्हेंबरच्या मध्यावर आणि दिवाळी १२ तारखेला. हे कॅलेंडरवर बघितलं तेव्हा पोटात गोळा आला, कारण पुण्यात त्या आठवड्यात शांत खोली मिळणं अशक्य. शेवटी ४ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी साडेसहाला एका शाळेचा हॉल घेतला. हॉल ३,०००, साथीचे पियानोवादक ६,०००, भाड्याचे दोन माइक २,५००. पंखे बंद. साडेसहाला काउंटरटेनरला गाता येत नाही हे मला माहीत होतं, म्हणून पहाटे साडेतीनला उठून गरम पाणी, बोलणं, मग हळूहळू वर. रात्री नऊनंतर काही खाल्लं नव्हतं. आंबट ढेकर आला की वरच्या स्वरांची कड लगेच खरखरीत होते.

'दोवे सेई' पाच वेळा गायलो. हा दा कापो आरिया आहे, आरिया म्हणजे एकट्याने गायचं गाणं आणि दा कापो म्हणजे पहिला भाग, मधला भाग, आणि पुन्हा पहिला. परत आलेल्या भागात गायकाने स्वतःच्या जागा घ्यायच्या असतात. नाट्यसंगीत ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तीच ओळ परत येते आणि आपण वाट बघतो की आता कुठून येणार. मी चौथ्या वेळी जागा जास्त घेतल्या. पाचव्या वेळी कमी केल्या, फक्त शेवटी एक. तीच पाठवली. पियानोवादक उठताना म्हणाले, "शेवटची बरी झाली." त्या शब्दांवर मी दीड महिना काढला.

निकाल डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आले. पहिले दोन नकार एकाच आठवड्यात, दोन्ही चार ओळींचे. तिसऱ्या ठिकाणी राखीव यादी. नाताळच्या उपासनेला नगरला गेलो होतो, मंडळीत सगळे विचारत होते, मी 'अजून कळायचंय' म्हणत होतो. काकू आता वारल्या आहेत, आल्टोच्या बाकावर मी एकटा. १६ जानेवारीला चौथ्या ठिकाणहून ऑनलाइन मुलाखतीला बोलावणं आलं. वीस मिनिटं. एक नवीन ओळ वाचून गायला लावली, मग विचारलं की तुम्हाला हाच आवाज का हवा. तयार केलेलं उत्तर होतं, ते मी दिलं नाही. गुरुजींचा 'खोटा' हा शब्द सांगितला, त्याचं भाषांतर करून. पलीकडचे तिघंही थोडा वेळ काही बोलले नाहीत. ऑफर २ फेब्रुवारीला आली.

फी वर्षाला २७,००० पौंड, त्यातले ९,००० शिष्यवृत्तीत माफ. पुढचे तीन महिने मी गायलो कमी आणि अर्ज जास्त लिहिले. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणाला कर्जशिष्यवृत्ती देतं, इनलॅक्स शिष्यवृत्ती आहे, इतरही ट्रस्ट आहेत. प्रत्येकाच्या वयाच्या आणि विषयाच्या अटी नीट वाचा. मला एका ठिकाणी कर्जशिष्यवृत्ती मिळाली, दोन ठिकाणी नाही. बाकीचं बँकेचं शैक्षणिक कर्ज. बँकेतल्या साहेबांना 'गायनाचा मास्टर्स' ही नोंद कुठल्या रकान्यात करायची कळेना, चार खेपांनंतर ती 'इतर' मध्ये गेली. एक उपयोगाची गोष्ट: त्या वर्षीच्या नियमांनुसार शिक्षणासाठी बाहेर पाठवलेल्या रकमेवर सात लाखांच्या वर कर्जातून पैसे गेले तर अर्धा टक्का आणि स्वतःचे गेले तर पाच टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर, कापला जायचा. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात. म्हणून फी कर्जातूनच पाठवली. हे नियम दरवर्षी बदलतात, आपल्या वर्षाचे बघून घ्या.

व्हिसा जुलै २०२४ मध्ये. पौंड तेव्हा १०७ रुपयांच्या आसपास होता. व्हिसाचं शुल्क तेव्हा ४९० पौंड होतं. आरोग्य अधिभार विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, पण तो व्हिसाच्या पूर्ण मुदतीवर लागतो, कोर्सच्या नव्हे. कोर्सनंतरचे चार महिने धरून माझा अडीच वर्षांचा झाला, १,९४० पौंड. दोन लाख रुपयांहून जास्त, एका दमात. लंडनच्या राहण्याखर्चासाठी महिना १,३३४ पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचे १२,००६ पौंड दाखवावे लागत होते. पैसे आईवडिलांच्या खात्यात असतील तर २८ दिवस सलग, एक दिवसही खाली न जाता हवेत, शिवाय त्यांचं संमतिपत्र आणि जन्मदाखला. माझा दाखला फक्त मराठीत होता, त्याचं प्रमाणित भाषांतर केलं. एकविसाव्या दिवशी बाबांच्या खात्यातून विम्याचा हप्ता आपोआप कापला गेला आणि रक्कम खाली गेली. पुन्हा पहिल्यापासून २८ दिवस. त्या खात्यावरचे सगळे आपोआपचे हप्ते आधी बंद करा.

क्षयरोगाच्या चाचणीचं प्रमाणपत्रही लागतं, ठरवून दिलेल्या केंद्रांतूनच, सहा महिने चालतं. मी मुंबईला जाऊन केली. छातीचा एक्स-रे काढताना "दीर्घ श्वास घेऊन धरून ठेवा" म्हणाले, आणि वर्षभराच्या सवयीने मी बरगड्या पसरून श्वास घेतला. टेक्निशियनने विचारलं, पोहता का?

पासपोर्ट १९ ऑगस्टला परत आला. अर्ज, ऑनलाइन शिकवणी, रेकॉर्डिंग, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा, अधिभार, विमानाचं तिकीट, सगळं धरून, फी सोडून, तोवर साडेचार लाखांच्या आसपास खर्च झाला होता.

लंडनला ८ सप्टेंबरला उतरलो. पासपोर्टवरचा शिक्का तेव्हा ९० दिवसांचाच असायचा, खरं ओळखपत्र दहा दिवसांत पोस्टातून आणायचं होतं. ते हातात घेतलं तर मुदत ३१ डिसेंबर २०२४. मला घाम फुटला. ती चूक नव्हती, सगळीच कार्डं बंद होऊन पुढे ई-व्हिसा येणार म्हणून तशी तारीख छापली होती. आता कार्ड नसतं, ऑनलाइन खातं असतं. ते खातं निघण्याआधीच उघडा आणि पासपोर्ट त्याला जोडा.

यापुढचा भाग गाणाऱ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. ऑक्टोबरमध्ये वर्गातल्या एका मुलीने निरोप दिला की एका चर्चमध्ये रविवारी आल्टो आजारी आहे, बदली गायक हवाय, ८० पौंड मिळतील. इथले सगळे गायक विद्यार्थी असेच तयार होतात, शनिवारी रात्री निरोप, रविवारी सकाळी न पाहिलेलं संगीत वाचून गायचं. मी हो म्हणणार होतो, पण आधी महाविद्यालयाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात विचारलं. विद्यार्थी व्हिसावर सत्रात आठवड्याला वीस तास नोकरी चालते, पण स्वयंरोजगार चालत नाही आणि व्यावसायिक कलाकार म्हणून काम चालत नाही. मानधनावरचं गाणं दोन्हींत बसतं. ज्या कामासाठी आलोय तेच पैसे घेऊन करायचं नाही, हे पचवायला मला पूर्ण आठवडा लागला. मी ग्रंथालयात बारा तासांची नोकरी धरली, स्वरलिप्या जागेवर लावायची. गाणं फक्त अभ्यासक्रमाच्या आत. कोर्सनंतर ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला की बदली गायकी करता येईल. ज्याला शंका असेल त्याने आपल्या संस्थेत लेखी विचारावं, वर्गमित्रांचं ऐकून करू नये. नियम मोडला तर व्हिसा जातो.

पहिलं सत्र अवघड गेलं. इथले मुलगे सात-आठ वर्षांचे असल्यापासून कॅथीड्रलमध्ये रोज वाचून गात आलेले. मी एक पान वाचेपर्यंत त्यांचं गाऊन झालेलं असे. नोव्हेंबरमध्ये सर्दी, तीन आठवडे वरचा आवाज नाही. एका रविवारी ब्रुक स्ट्रीटवर हँडेलच्या घरी गेलो. १७२३ पासून मरेपर्यंत तो तिथे राहिला, 'मसाया' त्याने १७४१ मध्ये तिथेच लिहिला. खोल्या लहान आहेत, माझ्या कल्पनेपेक्षा फारच लहान. एका कोपऱ्यात हार्पसिकॉर्ड या जुन्या पियानोसारख्या वाद्याचं वादन चालू होतं आणि मी अर्धा तास भिंतीला टेकून उभा राहिलो.

जानेवारीत कळलं की लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, संस्थेत बाखचं 'सेंट जॉन पॅशन' होणार आहे, एकल गायक विद्यार्थ्यांतूनच निवडणार. आल्टोचे दोन आरिया. निवड-चाचणीला पाच जण होतो, तीन मेझो आणि दोघं काउंटरटेनर. दुसरा आरिया मला मिळाला, 'एस इस्ट फोलब्राख्त'. येशूचा क्रुसावरचा सहावा उद्गार, 'पूर्ण झाले आहे'. नगरला शुभ शुक्रवारी सात उद्गारांवर सात प्रवचनं होतात, लहानपणी सहावं येईपर्यंत मला झोप लागलेली असे. १७२४ मध्ये लाइपझिगला शुभ शुक्रवारच्याच उपासनेत हे पहिल्यांदा गायलं गेलं.

साथीला एकच व्हिओला दा गांबा, म्हणजे पायांत धरून गजाने वाजवायचं जुनं तंतुवाद्य, आणि खाली सतत चालणारी खर्जाची साथ. सुरुवातीची ओळ वरून खाली उतरत जाते, बरोबर माझ्या सांध्यावरून. तीन महिने मी तीच उतरण केली. शिक्षिका म्हणायच्या, सांधा लपवू नकोस, तिथे आवाज लहान होऊ दे, शब्दही तेच सांगतोय. मध्ये अचानक लय बदलते, 'यहूदाचा वीर जिंकतो' हे शब्द आणि जलद तानांसारखे स्वर येतात, आणि पुन्हा ती उतरण.

कार्यक्रम ९ एप्रिल २०२५ ला झाला, सगळा प्रेक्षागृहातून थेट प्रक्षेपित. नगरला तेव्हा मध्यरात्र उलटत होती. आई-बाबा जागे होते. माझी पाळी येईपर्यंत दीड तास खुर्चीवर बसून होतो, गुडघ्यावर हात ठेवून, कारण ते थरथरत होते. गांबा सुरू झाली तेव्हा थांबले. पहिली उतरण कशी गेली ते मला आठवत नाही. दुसरी आठवते.

रात्री फोन केला. बाबांनी गाण्याबद्दल आधी काही विचारलं नाही. "तू मला कागद पाठवला होतास, त्यात हे बी मायनर आहे ना? म्हणजे पांढरी सात." मी हो म्हटलं. "मी इथे पेटी घेऊन बसलो होतो, आवाज बारीक करून. पांढरी सात लागतच नाही. सगळं काळी पाचला चाललंय. पूर्ण वेळ मला वाटत होतं, तू उतरलायस आणि तिकडे सगळे तुला सांभाळून घेतायत."

मी सांगितलं की जुन्या वाद्यांची पट्टी आजच्यापेक्षा अर्ध्या सुराने खाली धरतात, ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झ. सगळेच काळी पाचला होते.

"म्हणजे तू सुरात होतास?"

"हो, बाबा."

फोनवर पेटीचा भाता ओढल्याचा आवाज आला. रात्रीच्या दोन वाजता त्यांनी काळी पाच धरली आणि ती उतरण पुन्हा एकदा, हळू, वाजवून बघितली.